लाल रेघा सोडून

“लाल रेघा घ्यायच्या नाहीत, गायधनी बाई,” चांदवडकर साहेब म्हणाले. “नुसत्या काळ्या काढा.”

लतिकाने टेबलावर पसरलेल्या कापडी नकाशावरून मान वर केली. काम समजावून द्यायचं असलं की साहेब टेबलाशी यायचे, चष्मा कपाळावर सरकवून रेघेवर बोट ठेवायचे. आज ते दाराच्या चौकटीतच उभे होते.

“सगळ्याच लाल सोडू?”

“सगळ्याच. मूळचं जुनं बांधकाम तेवढं दाखवायचंय आपल्याला. सोमवारी फाइल दाखल करायची आहे.”

एवढं बोलून ते आपल्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

नकाशा सन १९१३ चा होता. फुलबाजाराच्या मागच्या बोळातल्या एका इमारतीचा. इमारतीचे मालक आता पुण्याला असायचे. त्यांच्या आजोबांच्या ट्रंकेत ही गुंडाळी सापडली आणि ती चांदवडकरांच्या आर्किटेक्ट ऑफिसात आली. पालिकेकडची प्रत कधीच्या काळी पुरात भिजून गेली होती, म्हणजे आता जगात ही एवढीच. खळीचं मेणचट कापड, कडा तपकिरी पडलेल्या, घडीवर तीन ठिकाणी विरलेलं. पण शाई अजून शाबूत होती. हे कापड कुणाच्या हाती देण्यासारखं राहिलेलं नव्हतं, म्हणून लतिकाने त्याची ट्रेसिंग पेपरवर नक्कल करायची, खाली सही करायची, आणि नवी इमारत मंजूर करून घेताना ती नक्कल कागदपत्रांना जोडायची, असं काम होतं.

नकाशातली रीत तेव्हाही हीच होती आणि आताही हीच आहे. जे उभं आहे ते काळ्या रेघेत. जे पाडायचं ते पिवळं. आणि जे नव्याने बांधायची परवानगी मागितली, ते लाल. या नकाशात तळमजल्यावरची तीन दुकानं काळी होती. त्यांच्यावरचं कौलारू छप्पर पिवळं होतं. आणि त्या छपराच्या जागी माडीवर दोन खोल्या आणि बोळातून वर चढणारा दगडी जिना, हे सगळं लाल.

कोपऱ्यात मोडीत चार ओळी होत्या. चांदवडकरांना मोडी येत नव्हती. ऑफिसात कुणालाच येत नव्हती. लतिकाला येत होती. तिचे वडील, ढुंढिराज गायधनी, त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंचं पौरोहित्य करायचे. आलेल्या माणसाच्या सात पिढ्यांची नावं ज्यात सापडायची, त्या घरच्या वह्या सगळ्या मोडीत होत्या. भाऊ नव्हता, म्हणून वडिलांनी त्या वह्या वाचायला मुलीलाच शिकवलं होतं.

तिने त्या चार ओळी आल्या दिवशीच वाचल्या होत्या. ‘तांबड्या रेघांनी दाखविलेले काम करण्यास परवानगी दिली असे. जिन्याची पायरी गटारीवर येऊ नये. प्रत्येक खोलीस हवेकरिता दोन हात उंच खिडकी ठेवावी.’ खाली शिक्का आणि सही.

म्हणजे लाल तेच मंजूर होतं. लाल सोडलं तर उरायची ती परवानगी मिळण्याच्या आधीची इमारत. तीन दुकानं आणि वर कौलं.

हे तिला कळत होतं. नंतर तिने स्वतःशी पुष्कळ हिशेब मांडून पाहिला, पण मला कळलं नव्हतं असं तिला एकदाही म्हणता आलं नाही.

आणि त्या खोल्यांत कोण राहतं हेही तिला ठाऊक होतं. पंधराच दिवसांपूर्वी ती मोजमापाला तिथे जाऊन आली होती. टेपचं दुसरं टोक धरायला ऑफिसातलं कुणी आलंच नव्हतं. ती एकटीच जिन्यापाशी घुटमळत होती, तेव्हा वरून आवाज आला, “मी धरू का टोक?”

वरच्या पायरीवर साठीची एक बाई झेंडू ओवत बसली होती. सुई पदराला टोचून ती उठली, खाली आली आणि टेपचं टोक तिने भिंतीला असं घट्ट दाबून धरलं की जणू भिंत पळून जाणार होती. या मालनबाई. मखमलाबादेहून दीर रोज पहाटे फुलं पाठवायचा, त्या माळा करून बाजारात विकायच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी सगुणा पिंपळगाव बसवंतला दिलेली होती.

“मोप जुना हे जिना,” मोजता मोजता मालनबाई सांगत होत्या. “माझ्या आजेसासऱ्यासाठीच बांधला मालकाच्या आजानं. तवा प्लेग व्हता ना. खाली उंदीर पडायचे म्हनं, दुकानात निजायची लोकांना भीती. मंग आमच्या मान्सांना वर खोल्या बांधून दिल्या. तवापासून आम्ही हितंच.”

“सतरा पायऱ्या,” लतिकाने वहीत लिहिलं.

“सतराच. अंधारात बी पाय चुकत नाय माझा.” मग मालनबाई जरा थांबल्या. “बाई, नव्या बिल्डिंगमंदी आम्हाला जागा देनार म्हनत्यात. खरं हे का?”

“जुने भाडेकरू आहात. कायद्याने द्यावीच लागते.”

“मंग एवढं सांगा सायबाला. खालची नको, वरची द्या. फुलाला वारं लागतं. खाली कोंदटात दुपारपत्तुर मान टाकत्यात.”

“सांगते,” लतिका म्हणाली होती.

निघताना मालनबाईंनी तिच्या हातात कागदात बांधलेले मोगऱ्याचे दोन गजरे ठेवले. मी माळत नाही, असं लतिकाने सांगून पाहिलं. “मंग देवाला वाहा,” त्या म्हणाल्या.

*

तरी ती उठून केबिनमध्ये गेली.

“साहेब, लाल काम मंजूर आहे. कोपऱ्यात लिहिलंय तसं.”

चांदवडकरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. तिची आई आजारी होती तेव्हा त्याने स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं होतं. “बाई, आपण काय सादर करतोय? मूळ इमारतीचा नकाशा. मूळ इमारत काळीच आहे ना? मग खोटं काय त्यात?”

“वर माणसं राहतात.”

“ते मालक आणि भाडेकरू बघून घेतील. ट्रेसरने सांगितलं तेवढं काढावं.” मग ते काचेतून बाहेर बघत, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, “या ऑफिसात आता हाताने काम करणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात. ते उगीच नाही. मी लोकांचं ऐकून घेतो तुमच्यासाठी.”

काचेपलीकडे सुवर्णा कॉम्प्युटरवर बसली होती. वर्षभरापूर्वी, अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत, ते यंत्र आलं. त्याआधी ऑफिसात तीन ट्रेसर होत्या. संक्रांतीपर्यंत एकीला निरोप मिळाला, पाडव्यापर्यंत दुसरीला. लतिका राहिली, कारण जुनी कापडं कॉम्प्युटरला वाचता येत नव्हती. सातपूरच्या आयटीआयमधून कोर्स करून ती बाविसाव्या वर्षी इथे लागली, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली होती. लग्न आधी आईच्या आजारपणात आणि मग वडिलांच्या म्हातारपणात राहून गेलं. मागच्या श्रावणात वडीलही गेले. पंचवटीतल्या घरात कुलूप काढून आत जायचं आणि सकाळी पुन्हा लावून निघायचं, एवढंच उरलं होतं. मधला दिवस या टेबलावर जायचा.

ती परत येऊन टेबलाशी बसली.

तीन दिवस लागले. ट्रेसिंग पेपरखालून लाल रेघा स्पष्ट दिसत होत्या. काळी रेघ लालपाशी आली की पेन उचलायचं आणि पलीकडे टेकवायचं. खिडक्या सोडल्या. खोल्या सोडल्या. सतरा पायऱ्या एकेक करून सोडल्या. पण दोन ठिकाणी नुसतं सोडून भागेना. जिन्याकडे जायला बोळातल्या काळ्या भिंतीत एक दार पाडलेलं होतं. तिथे रेघ तोडली असती तर पाहणाऱ्याने विचारलं असतं, हे दार कशाला? तिथे तिने भिंत सलग ओढली. आणि पंच्याऐंशी वर्षांपूर्वी उतरवून टाकलेलं कौलारू छप्पर तिने शाईने पक्कं करून परत इमारतीवर चढवलं.

शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात, नेहमीच्या गोल अक्षरात, तिने लिहिलं: ‘मूळ नकाशावरून तंतोतंत नक्कल. ल. ढुं. गायधनी.’

ऑफिसमागच्या खोलीतल्या अमोनियाच्या यंत्रावर तिने स्वतःच नकलेच्या प्रिंट काढल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण त्या यंत्रापाशी उभं राहिलं की कुणाच्याही डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

*

मार्गशीर्षात एका सकाळी सुवर्णा तिच्या टेबलापाशी आली. “मॅडम, खाली एक आजी आल्यात. नकाशावाल्या बाई पाहिजेत म्हणतात.”

मालनबाई जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. चप्पल काढून, भिंतीशी लागून. हातातला कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

“तुमी तेवढ्या वळकीच्या,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या दुकानवाल्याने वाचला. पन त्यो म्हनतो ते माझ्या डोक्यात शिरत नाय. तुमी वाचा.”

लतिकाने कागद घेतला. माडीवरील दोन खोल्या व लगतचा जिना हे बांधकाम इमारतीच्या मंजूर नकाशात आढळून येत नसल्याने अनधिकृत ठरते. सबब पंधरा दिवसांच्या आत ते काढून घ्यावे. हरकत असल्यास अमुक तारखेला सुनावणीस हजर राहावे.

तिने ते मोठ्याने वाचलं. शब्द सोपे करून सांगितले.

“अनधिकृत मंजी?”

“परवानगी न घेता बांधलेलं.”

“आम्ही?” मालनबाईंना हसूच आलं. “आम्ही काय बांधनार? मी लगीन होऊन आले तवाच त्या पायऱ्या झिजलेल्या व्हत्या.” त्यांनी लतिकाच्या तोंडाकडे पाहिलं. “नवीन बिल्डिंगमंदी जागा?”

“हे अनधिकृत ठरलं तर नाही मिळणार.”

मालनबाईंनी कागद परत पिशवीत घातला. चप्पल पायात घालायला वाकल्या तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

“मी बघते,” लतिका म्हणाली. “चूक झालीय. मी बघते काय करता येतं ते.”

वर जाऊन तिने साहेबांच्या केबिनचं दार न वाजवताच उघडलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

“तो तेरा सालचा नकाशा कुठंय?”

“मालकांना परत दिला. का?”

“त्यांच्याकडून मागवा. सुनावणीत लागेल.”

चांदवडकरांनी समोरची फाइल मिटली. “त्यांचे वकील सांगतात, कापड हातात घेताच तुकडे पडले. टाकून दिलं असेल.” मग ते म्हणाले, “गायधनी बाई, तुमच्या निवृत्तीला दहा-अकरा वर्षं आहेत. सुखाने घालवा. आपण काही त्या बाईंचे वैरी नाही. शहरात अशी शंभर घरं मोडतात.”

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला बोलायचं होतं ते इतकं साधं होतं की ते तोंडातून निघेना. मी भिंत ओढली, एवढंच.

*

त्या संध्याकाळी ती फुलबाजारात गेली. बाजार उठत होता, पायाखाली देठं आणि पाकळ्यांचा चिखल झाला होता. जिना चढताना तिचे पाय आपोआप मोजत गेले.

मालनबाई दिव्याखाली बसून शेवंतीच्या वेण्या करत होत्या. त्यांनी पाट पुढे केला. लतिका बसली नाही.

“मालनबाई, तुमचा जिना आणि खोल्या जुन्या नकाशात होत्या. परवानगीही होती. मी माझ्या डोळ्यांनी वाचली.”

“मंग तसं सांगा की तिथं.”

“नकाशा आता नाही. त्याची नक्कल आहे. ती मी केली. मी त्यात तुमच्या खोल्या काढल्या नाहीत.”

मालनबाईंचा हात थांबला. “इसरल्या?”

“नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून. कळत होतं मला.”

खालून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिची चाकं दगडांवरून खडखडत लांब गेली.

“मंजी तुमी आमचा जिना पुसला,” मालनबाई म्हणाल्या.

“पुसला नाही. काढलाच नाही.”

“येकच की.”

लतिकाला वाटलं होतं त्या ओरडतील, शिव्या देतील. ते सोपं गेलं असतं. मालनबाईंनी अर्धवट झालेली वेणी पुन्हा हातात घेतली, चार फुलं ओवली, आणि वर न बघता विचारलं, “मी टोक धरलं व्हतं ना त्या दिशी? टेपाचं?”

“हो.”

“घट धरलं व्हतं.”

“हो.”

“मंग?”

ती म्हणाली, “सुनावणीला मी येते. सगळं खरं सांगते. माझी सही आहे, मीच सांगितलं तर ऐकावंच लागेल.”

“या,” मालनबाई म्हणाल्या. त्यांनी तिला पुन्हा बस म्हटलं नाही.

*

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. अधिकारी पन्नाशीचे होते, डोळ्यांखाली काळं, समोर फायलींची चळत. मालकांच्या बाजूने एक तरुण वकील आले होते. मालनबाईंच्या बाजूने कुणी नव्हतं. इस्त्री न केलेलं पण धुतलेलं लुगडं नेसून त्या भिंतीकडेच्या बाकावर बसल्या होत्या. भाड्याच्या चाळीस वर्षांच्या पावत्या त्यांनी सुतळीने बांधून आणल्या होत्या.

“या पावत्या भाडं दिल्याच्या आहेत, आजी,” अधिकारी समजावून म्हणाले. “भाडं घेतलं म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. प्रश्न एवढाच, या खोल्यांना परवानगी होती का?”

तेव्हा लतिका उभी राहिली. तिने हात पाठीमागे धरले. तिने सगळं सांगितलं. काळ्या रेघा, लाल रेघा, पिवळं छप्पर. मोडीतल्या चार ओळी तिने तोंडपाठ म्हणून दाखवल्या, गटारीच्या पायरीपासून दोन हात खिडकीपर्यंत. “ही नक्कल खोटी आहे,” ती म्हणाली. “मी केलीय. माझी सही आहे.”

मालनबाई बाकावर पुढे सरकल्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “बाई, मी या खात्यात लागल्यापासून तुमच्या नकला पाहतोय. वीस वर्षं. त्यात एक चूक मला सापडलेली नाही. खाली गायधनी दिसलं की आम्ही पुन्हा मोजत नाही.”

“ही तशी नाही, साहेब.”

“मूळ कापड आणा. आत्ता आणलंत तर आत्ता थांबवतो.”

“ते मालकांकडे आहे.”

“नाही,” वकील म्हणाले. “जीर्ण होऊन नष्ट झालं. जीर्ण होतं म्हणूनच तर आधी नक्कल करून घेतली. तसं पत्र आम्ही जोडलंय.” मग ते लतिकाकडे वळले. बोलण्यात अदब होती. “मॅडम, तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आलाय ना?”

“हो.”

“दोघी ट्रेसरना कमी केलं. आता तुमचा नंबर लागेल अशी तुम्हाला भीती वाटते. बरोबर?”

ती भीती तर खरीच होती. तिच्यामुळेच हे झालं होतं. “हो,” ती म्हणाली, “पण...”

“एवढंच विचारायचं होतं, साहेब. नोकरीवरचा राग आहे. त्याला पुरावा म्हणता येणार नाही.”

अधिकाऱ्यांनी बराच वेळ नक्कल उजेडाकडे धरून पाहिली. जिथे दार होतं तिथल्या सलग रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला. लतिका त्या अंगठ्याकडे बघत होती. त्या रेघेत काहीतरी दिसावं, एखादा गाठाळलेला टिपका, पेन अडखळल्याची खूण, असं तिला वाटत होतं. पण तिचा हात अडखळला नव्हता. रेघ स्वच्छ होती.

“मला हातातला कागद बघावा लागतो,” ते शेवटी म्हणाले. त्यांनी पावत्यांची गड्डी उचलून मालनबाईंच्या हातात परत दिली. मुद्दाम खुर्चीवरून उठून.

बाहेर व्हरांड्यात मालनबाई तिच्या बरोबरीने चार पावलं चालल्या. “तुमी खरं बोलल्या,” त्या म्हणाल्या. “आइकलं मी.” मग त्या पुढे निघून गेल्या. त्यात कौतुक होतं की काय होतं, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली तेव्हा तिच्या टेबलावर नवा प्रिंटर ठेवलेला होता. टी-स्क्वेअर, पेनं आणि शाईच्या बाटल्या सुवर्णाने एका खोक्यात नीट कापसात गुंडाळून भरल्या होत्या. “मला सांगितलं म्हणून, मॅडम,” ती रडवेली होऊन म्हणाली. लतिकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला सांगितलं म्हणून. हे वाक्य तिला चांगलंच ओळखीचं होतं. चांदवडकर त्या दिवशी साइटवर गेले होते.

*

खोल्या पाडायच्या दिवशी लतिका सकाळी सातला बोळात पोचली. कुणी बोलावलं नव्हतं. बोळाच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. पिंपळगावहून सगुणा आली होती, तिच्या अंगावर द्राक्षाच्या पॅकहाउसचा निळा एप्रन तसाच होता. दुपारच्या पाळीला परत पोचायचं होतं तिला. पहारी आणि घण घेतलेले चार मजूर दुकानाच्या फळीवर बिड्या ओढत होते.

लतिकाने पदर खोचला आणि सामान उतरवायला लागली. हंडे, पत्र्याची पेटी, गोधड्यांचं बोचकं, फुलांच्या रिकाम्या पाट्या. सतरा पायऱ्या खाली, सतरा वर. तिसऱ्या फेरीला सगुणाने विचारलं, “तुम्ही कोण? शेजारच्या का?”

लतिकाच्या हातात पाण्याचा माठ होता. तिने तो दोन्ही हातांनी सावरला.

“नकाशावाली बाई हे,” वरून मालनबाई म्हणाल्या. “माठ जपून न्या. तळाला चीर हे त्याला.”

सगुणाला काही कळलं नाही. सकाळभर मालनबाई लतिकाशी एवढंच बोलल्या.

नऊपर्यंत सगळं टेम्पोत चढलं. मालनबाईंना पिंपळगावात सगुणाच्या ओसरीवर जागा केली होती. तिथे फुलं नव्हती, पण बसल्या जागी द्राक्षं निवडायचं काम मिळेल असं सगुणा म्हणत होती. मुकादम पुढे आला. “आजी, आटोपलं का? आमाला संध्याकाळपत्तुर राडारोडा बी उचलायचाय.”

“थांबा जरा,” मालनबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वर गेल्या.

खाली सगळे वाट बघत राहिले. वरून केरसुणीचा आवाज येत होता. आधी आतल्या खोलीतून, मग बाहेरच्या. मग पाणी शिंपडल्याचा. वरच्या पायरीवरून केर खाली आला नाही, त्यांनी तो सुपात भरला होता. मजुरांपैकी एकाने बिडी विझवली आणि तो उभा राहिला. मग बाकीचेही उठले.

मालनबाईंनी दोन्ही खिडक्या लावल्या. दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप अडकवलं आणि ते लागलं का हे दोनदा ओढून पाहिलं. सूप एका हातात घेऊन, दुसऱ्या हाताने भिंत धरत, त्या खाली उतरल्या.

“आजी, किल्ली द्या,” मुकादम म्हणाला.

“किल्ली कशाला?”

“दार उघडायला लागंल.”

मालनबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दाताने आवळली आणि पदर कमरेला खोचला.

“तोडा की,” त्या म्हणाल्या. “तोडायलाच आलाय ना तुमी.”

केर बोळाच्या कोपऱ्यातल्या कचराकुंडीत टाकून, सूप झटकून, त्या टेम्पोत सगुणाशेजारी जाऊन बसल्या. मुकादम जिन्याखाली उभा होता. चढावं की नाही ते त्याचं ठरत नव्हतं. त्याने एकदा वर कुलपाकडे पाहिलं, मग पहिल्या पायरीशी उभ्या असलेल्या लतिकाकडे, जणू तिने काही सांगावं. टेम्पो सुरू झाला, बोळाच्या तोंडातून मागे जात बाजाराच्या रस्त्याला लागला आणि वळला.

लतिका बाजूला सरकली, तेव्हा कुठे त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.